मक्याची ताटे आणि मिथेनचा हिशेब: वावरापासून देशाच्या आकड्यापर्यंत

दिवाळीच्या आगेमागे यावल, चोपडा, अमळनेर किंवा शिरपूरच्या पट्ट्यात संध्याकाळी फिरले, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुराचे पट्टे जमिनीलगत रेंगाळताना दिसतात. कणसे मोडून झालेली असतात, मळणी यंत्र पुढच्या खळ्यावर गेलेले असते, आणि वावरात उरलेली मक्याची ताटे हरभरा किंवा गव्हाच्या पेरणीच्या आड येत असतात. मजूर मिळत नाहीत आणि ओल उडून चाललेली असते, म्हणून काडी लावली जाते. हेच चित्र एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा दिसते, कारण खान्देशात रब्बीचा मकाही मोठ्या प्रमाणावर घेतला जातो आणि तो निघाल्यावर कपाशीसाठी रान मोकळे करण्याची घाई असते.

या आगीतून निघणाऱ्या मिथेनचा आकडा हरितगृह वायूंच्या देशनिहाय आंतरराष्ट्रीय तक्त्यात दरवर्षी छापला जातो. तो कसा तयार होतो, त्यात आपल्या वावरातले काय येते आणि काय येत नाही, आणि तोच हिशेब गावाच्या पातळीवर अधिक खरा कसा करता येईल, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. वजनकाटा, मोजपट्टी, वही आणि मोबाइलमधले गणनयंत्र एवढ्यावर हे काम होते. कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, कृषी सहायक, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे कार्यकर्ते आणि आपल्या गावाचा हिशेब आपणच मांडू इच्छिणारा कोणताही शेतकरी ते करू शकतो.

आगीतून मिथेन का निघतो

कोरडा पाला भरपूर हवेत भडकून जळाला, तर त्यातील कर्बाचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. जिथे हवा पुरेशी पोहोचत नाही, किंवा ताटांतील ओलाव्यामुळे ज्वाळा धरत नाही, तिथे आग धुमसते, आणि अशा अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन बाहेर पडतात. म्हणून एकाच वजनाची ताटे दोन तऱ्हांनी जाळली, तर दोन वेगळे आकडे मिळतात. एप्रिलच्या उन्हात कडकडीत वाळलेला रब्बीचा मका तासाभरात भडकून संपतो. नोव्हेंबरात, बुंध्यात अजून ओल असताना बांधावर रचलेला ढीग मात्र रात्रभर, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत धुमसत राहतो. बांधावरचे ढीग लहान दिसत असले, तरी मिथेनच्या दृष्टीने तेच अधिक वाईट असतात. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे वापरायचा प्रमाणित गुणांक या दोन आगींत भेद करत नाही.

हा गुणांक हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेत दिला आहे. शेतातील अवशेष जाळताना प्रत्यक्ष जळालेल्या दर १ किलो कोरड्या पदार्थामागे २.७ ग्रॅम मिथेन आणि ०.०७ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड निघतो, असे त्यात धरले आहे. कार्बन मोनॉक्साइड ९२ ग्रॅम आणि कार्बन डायऑक्साइड १५१५ ग्रॅम निघतो, पण हा कार्बन डायऑक्साइड देशाच्या बेरजेत धरला जात नाही. पिकाने तो त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो आणि पुढचे पीक तो पुन्हा घेते, असे मानले जाते. मिथेनला ही सूट मिळत नाही, कारण पीक मिथेन शोषत नाही. शंभर वर्षांच्या मुदतीत १ किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, आणि मुदत वीस वर्षांची धरली तर सुमारे ८० किलोइतकी.

देशाच्या तक्त्यातला आकडा

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना प्रत्येक देशासाठी पिकांचे अवशेष जाळण्यातून होणाऱ्या उत्सर्जनाचा अंदाज प्रसिद्ध करते. त्यात मका, भात, गहू आणि ऊस ही चार पिके धरली जातात. मक्यासाठीची रीत अगदी साधी आहे. देशात मक्याची कापणी किती हेक्टरवर झाली हे घ्यायचे, दर हेक्टरी सरासरी १ टन कोरडा पदार्थ जळाला असे मानायचे, आणि त्याला २.७ ने गुणायचे. हा १ टन येतो कुठून? आयपीसीच्या तक्त्यात मक्याचे वावर पूर्ण जाळले तर हेक्टरी १० टन पदार्थ जळतो असे दिले आहे, आणि एकूण क्षेत्राच्या १० टक्के भागावरच आग लावली जाते असे गृहीत धरले आहे. दहाचा दहावा भाग म्हणजे १ टन.

भारतात मक्याखाली ठोकळमानाने १ कोटी हेक्टर क्षेत्र आहे. त्यावर १ कोटी टन पदार्थ जळाला असे मानले, तर २.७ कोटी किलो, म्हणजे २७ हजार टन मिथेन होतो. तक्त्यात हा आकडा किलोटनांत २७ असा दिसतो. जुन्या तक्त्यांत गिगाग्रॅम हे एकक असते, आणि १ गिगाग्रॅम म्हणजेच १ किलोटन. देशाचे सर्व मार्गांनी होणारे मिथेन उत्सर्जन सुमारे २ कोटी टन आहे, त्यामुळे मक्याच्या आगीचा त्यातला वाटा हजारात दीड भागाहूनही कमी भरतो. गुरांच्या रवंथातून आणि भाताच्या खाचरांतून येणारा मिथेन याच्या कित्येक पटींनी जास्त आहे. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण खान्देशातल्या मका उत्पादकाने हवामान बिघडवले असा कोणी आव आणला, तर हा आकडा त्याला आधार देत नाही.

मग हा हिशेब कशासाठी करायचा? या आकड्याचा मोठा दोष असा, की त्यात आग कुठेच मोजलेली नाही. मोजले आहे ते क्षेत्र. उद्या खान्देशातल्या एकाही शेतकऱ्याने काडी लावली नाही, तरी मक्याचे क्षेत्र तेवढेच असेल तर तक्त्यातला मिथेन तेवढाच राहील, आणि भाव चांगला मिळून क्षेत्र वाढले तर तो वाढेल. ज्याने ताटे कुट्टी करून जमिनीत गाडली त्याच्या श्रमाची नोंद या रीतीत होऊच शकत नाही. ती व्हायची असेल, तर खालची माहिती गावातूनच गोळा करावी लागेल.

पहिली पायरी: क्षेत्र

मक्याखालचे क्षेत्र हेक्टरमध्ये लागते. सातबाऱ्यावर ते हेक्टर आणि आर असेच लिहिलेले असते. १०० आर म्हणजे १ हेक्टर, १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर, आणि १ एकर म्हणजे ४० गुंठे किंवा सुमारे ४०४७ चौरस मीटर. आपल्याकडे बोलताना बिघ्याचा हिशेब अजून होतो, पण बिघ्याचे माप गावागणिक बदलते, म्हणून तोंडी सांगितलेले बिघे वहीत न लिहिता गट क्रमांक विचारून सातबाऱ्यावरचा आकडा घ्यावा.

२०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद करतो, त्यामुळे गावनिहाय मक्याचे क्षेत्र तलाठी कार्यालयातून मिळू शकते. ते जसेच्या तसे न वापरता तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, खरीप आणि रब्बी हे दोन स्वतंत्र हंगाम धरावेत. एकाच वावरात दोन्ही वेळा मका असेल, तर ते क्षेत्र दोनदा मोजले जाईल आणि ते बरोबरच आहे, कारण अवशेषही दोनदा निघतात. दुसरी, मुरघासासाठी किंवा हिरव्या चाऱ्यासाठी लावलेला मका वगळावा, कारण त्याचे संपूर्ण ताट कापून नेले जाते आणि जाळायला काही उरत नाही. तिसरी, नोंद केली पण पेरले नाही, किंवा पेरले पण लष्करी अळीने पीक इतके खाल्ले की ते मोडून टाकले, अशी वावरे गावात कोणती आहेत हे दोन जाणत्या माणसांना विचारून घ्यावे.

दुसरी पायरी: एका हेक्टरवर किती ताटे उरतात

इथे दोन मार्ग आहेत, आणि शक्य असेल तर दोन्ही वापरावेत.

पहिला मार्ग उत्पन्नावरून अंदाज काढण्याचा. आयपीसीच्या त्याच मार्गदर्शिकेत मक्यासाठी एक समीकरण आहे: हेक्टरी कोरड्या दाण्याच्या टनांना १.०३ ने गुणावे आणि त्यात ०.६१ मिळवावे, म्हणजे जमिनीवरच्या अवशेषांचे हेक्टरी टन मिळतात. दाण्यातील कोरडा भाग ८७ टक्के धरतात. समजा, एकरी २० क्विंटल दाणा झाला. म्हणजे हेक्टरी ४.९४ टन, त्यातील कोरडा भाग ४.३० टन, आणि अवशेष ४.३० गुणिले १.०३ अधिक ०.६१, म्हणजे ५.०४ टन. एकराच्या भाषेत हे २.०४ टन होतात. दोन टन दाण्यामागे दोन टन अवशेष, अशी ढोबळ खूण लक्षात ठेवायला सोपी आहे. आंतरराष्ट्रीय तक्त्यातील हेक्टरी १० टन हा आकडा एवढ्या उत्पन्नाच्या वावरासाठी जवळपास दुप्पट आहे, हे इथेच दिसून येते.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष वजनाचा, आणि माझ्या मते तोच धरावा. समीकरणात कणसाचे आवरण आणि दाणे काढल्यावर उरणारा मधला दांडाही येतो, पण आपल्याकडे कणसे खळ्यावर जातात आणि ते दांडे चुलीत सरपण म्हणून वापरले जातात. चुलीतली आग देशाच्या हिशेबात घरगुती इंधनाच्या रकान्यात येते, तेव्हा ती इथे पुन्हा धरू नये. पाला गुरांसाठी काढून नेला असेल, तोही वावरातून गेलेला असतो. म्हणून वजन करायचे ते वावर जाळले जाणार असेल त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत, म्हणजे काडी लावताना जे जागेवर असेल तेवढेच मोजले जाईल.

रीत अशी. वावराच्या कडेपासून दहा पावले आत जावे, कारण बांधालगतचे पीक नेहमी वेगळे असते. सलग दोन ओळींची ३ मीटर लांबी मोजावी. ओळींतील अंतर ६० सेंटीमीटर असेल, तर हे क्षेत्र ३ गुणिले १.२, म्हणजे ३.६ चौरस मीटर झाले. त्यातील उभी आणि पडलेली सर्व ताटे जमिनीलगत कापून, खाली गळालेल्या पाल्यासह पोत्यात भरून वजन करावे. मुळांसकटची धसकटे घेऊ नयेत, कारण ती जमिनीत राहतात आणि आगीत सहसा जळत नाहीत. एका वावरात अशा तीन जागा घ्याव्यात: एक चांगल्या पिकाची, एक मध्यम आणि एक हलकी. आपल्याकडच्या काळ्या जमिनीतही एका टोकाला मुरूम आणि दुसऱ्या टोकाला खोल माती असा फरक नेहमीचा असतो, त्यामुळे एकाच जागेवर विसंबून राहू नये.

वजन झाल्यावर त्या पोत्यातील १ किलो नमुना विळ्याने बारीक तुकडे करून वेगळा काढावा आणि गच्चीवर पातळ पसरून वाळवावा. लागोपाठ दोन दिवस वजन सारखे भरले, की तो उन्हात वाळायचा तेवढा वाळला असे समजावे. उन्हात वाळलेल्या ताटातही साधारण दहा टक्के ओल शिल्लक असते, म्हणून त्या वजनाला ०.९ ने गुणावे. जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत ओव्हन मिळाला, तर ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे, मग ०.९ ने गुणण्याची गरज राहत नाही.

उदाहरण घेऊ. ३.६ चौरस मीटरमधून २.६ किलो ताटे मिळाली. १ किलो नमुना वाळून ७२० ग्रॅम झाला, त्याला ०.९ ने गुणून ६४८ ग्रॅम. म्हणजे २.६ गुणिले ०.६४८, असे १.६८५ किलो कोरडे वजन झाले. त्याला ३.६ ने भागले की चौरस मीटरला ०.४६८ किलो येतात. हेक्टरमध्ये दहा हजार चौरस मीटर असतात, तेव्हा हेक्टरी ४.६८ टन. समीकरणाच्या ५.०४ टनांपेक्षा हे थोडे कमी आहे, आणि कणसाचे दांडे खळ्यावर गेले असतील तर ते कमीच असायला हवे. दोन्ही मार्गांच्या उत्तरांत दुपटीचा फरक आला, तर मोजमापात कुठे तरी चूक आहे. बहुधा ओळींतील अंतर चुकीचे धरलेले असते, किंवा ओले वजनच कोरडे म्हणून लिहिलेले असते.

मोजण्यासाठी म्हणून कोणाचेही वावर पेटवू नये. ज्याने जाळायचे ठरवले आहे त्याच्याकडेच जावे, आणि तोही विचार बदलतो का हे आधी बोलून पाहावे.

तिसरी पायरी: त्यातले किती खरोखर जळते

सगळा हिशेब या एका अपूर्णांकावर उभा आहे, आणि नेमका तोच कोणाकडे तयार मिळत नाही. आंतरराष्ट्रीय रीतीतील १० टक्के सर्व देशांना एकच लावलेले आहेत. खान्देशात ज्या गावात दुभती जनावरे भरपूर आहेत तिथे मक्याचा पाला आणि ताटे कुट्टी होऊन गोठ्यात जातात, आणि ज्या गावात गुरे जवळपास संपली आहेत तिथे तीच ताटे शेतकऱ्याला ओझे वाटतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची स्थिती तापीकाठच्या बागायती गावापेक्षा वेगळी असते. म्हणून शेजारच्या गावाचा अपूर्णांकही उसना घेऊ नये.

पाहणीसाठी मका असलेल्या गटांची यादी घ्यावी आणि त्यातून चिठ्ठ्या टाकून ३० वावरे निवडावीत. रस्त्याकडेची वावरे सोयीची म्हणून निवडली, तर उत्तर हमखास चुकते, कारण रस्त्याकडेला माणसे वेगळे वागतात. प्रत्येक वावरात कणसे मोडल्यापासून पुढची नांगरणी होईपर्यंत किमान तीनदा जावे. एकदाच गेले, तर नुकत्याच झालेल्या रोटाव्हेटरखाली राख झाकली गेलेली असते आणि जळालेले वावर न जळालेले म्हणून लिहिले जाते. मातीचा वरचा थर हाताने थोडा उकरून पाहावा. काळ्या मातीत राख पटकन दिसत नाही, पण जळक्या पाल्याचे काळे चुरे बोटांना लागतात.

प्रश्न विचारताना काळजी घ्यावी. ‘तुम्ही जाळता का?’ असे थेट विचारले, की लोक नाही म्हणतात, आणि त्यांचे चुकतेही नाही, कारण विचारणारा कोण आणि त्यातून काय निघेल हे त्यांना ठाऊक नसते. ‘दादा, यंदा ताटांचे काय केले? कुट्टी किती, गाडले किती, उरले ते कुठे गेले?’ असे विचारले, तर माणूस मोकळेपणाने सगळा हिशेब सांगतो. वहीत नाव लिहू नये. वावराला क्रमांक द्यावा आणि तसे त्या शेतकऱ्याला सांगावे. ही पाहणी दंडासाठी नाही, असा शब्द दिला असेल तर तो पाळता आला पाहिजे, आणि तो पाळता येणार नसेल तर पाहणी करूच नये.

नोंद तीन प्रकारांत करावी: पूर्ण वावर जाळले, ताटे गोळा करून ढिगात जाळली, किंवा जाळलेच नाही. ढिगाच्या बाबतीत एकूण अवशेषांचा किती भाग ढिगात गेला होता याचा अंदाज मालकाकडून घ्यावा. समजा ३० वावरांचे एकूण क्षेत्र २४ हेक्टर आहे. त्यातले ६ हेक्टर पूर्ण जाळले आणि ३ हेक्टरवरचे एक तृतीयांश अवशेष ढिगात जाळले. म्हणजे ६ अधिक १, असे ७ हेक्टर जळाल्यासारखे झाले, आणि ७ भागिले २४ म्हणजे ०.२९.

हा ०.२९ अचूक आहे असे समजू नये. ३० वावरांच्या नमुन्यातून आलेला असा अपूर्णांक प्रत्यक्षात साधारण ०.१३ ते ०.४५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. ही व्याप्ती निम्मी करायची असेल, तर वावरे दुप्पट नव्हे, चौपट घ्यावी लागतात, म्हणजे १२०. एवढे मनुष्यबळ नसेल, तर ३० वर थांबावे, पण अहवालात व्याप्ती लिहावी. एकच आकडा छापून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि तिने पुष्कळ नुकसान केले आहे.

चौथी पायरी: ज्वलनाचा गुणांक

आग लागलेल्या वावरातही सगळे जळत नाही. बुंध्याचे ओले तुकडे आणि मातीत दबलेली ताटे उरतात. मक्यासाठी ०.८० हा गुणांक धरतात, म्हणजे शंभरातील ऐंशी किलो जळाले असे मानतात. वेळ असेल, तर आग विझल्यावर तितक्याच मापाच्या जागेत उरलेले न जळालेले तुकडे गोळा करून वजन करावे आणि आधीच्या कोरड्या वजनातून ते वजा करावे. नोव्हेंबर आणि एप्रिलच्या आगींसाठी दोन वेगळे गुणांक मिळाले, तर ते जरूर वेगळे ठेवावेत.

पाचवी पायरी: गुणाकार

आता सगळे एकत्र आणू. गावात मका १२० हेक्टर, हेक्टरी अवशेष ४.६८ टन, जळणारा भाग ०.२९, ज्वलनाचा गुणांक ०.८०. पहिल्या दोहोंचा गुणाकार ५६१.६ टन. त्याला ०.२९ ने गुणून १६२.९ टन आणि ०.८० ने गुणून १३०.३ टन. एवढा कोरडा पदार्थ प्रत्यक्ष जळाला. दर टनाला २.७ किलो या हिशेबाने ३५२ किलो मिथेन निघाला. जळणाऱ्या भागाची वरची व्याप्ती धरली, तर हा आकडा १५८ ते ५४६ किलोंच्या दरम्यान येतो. नायट्रस ऑक्साइड दर टनाला ०.०७ किलो, म्हणजे ९.१ किलो. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मिथेनचे ३५२ गुणिले २८, असे सुमारे ९.९ टन होतात, आणि नायट्रस ऑक्साइडचे ९.१ गुणिले २६५ (शंभर वर्षांच्या मुदतीतला त्याचा गुणक), असे सुमारे २.४ टन.

याच गावाला आंतरराष्ट्रीय रीत लावून पाहावी: १२० हेक्टर गुणिले १ टन गुणिले २.७, म्हणजे ३२४ किलो. उत्तर आपल्या ३५२ च्या अगदी जवळ आले. इथे समाधान मानून थांबण्याचा मोह होतो, पण या उदाहरणात ते जुळणे फसवे आहे. त्या रीतीने हेक्टरी १० टन जळतात असे धरले होते, आपल्याकडे पूर्ण जाळलेल्या वावरात ३.७ टनच जळाले. त्या रीतीने क्षेत्राचा १० टक्के भाग जळतो असे धरले होते, आपल्याकडे २९ टक्के जळाला. एक आकडा फार जास्त आणि दुसरा फार कमी असल्याने गुणाकारात दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. पुढच्या वर्षी गावाने जाळण्याचे प्रमाण २९ वरून १० टक्क्यांवर आणले, तर आपल्या रीतीने मिथेन १२१ किलोंवर येईल आणि त्या रीतीने ३२४ किलोच राहील.

दोन वेगळ्या अहवालांची तुलना करताना आणखी एक गोष्ट सांभाळावी. मिथेनला कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलण्याचा गुणक वेळोवेळी बदलत आला आहे. जुन्या अहवालांत २१, मग २५, आता बहुतेक ठिकाणी २८. देशाचे तेच २७ हजार टन मिथेन एका अहवालात ५६७ हजार टन आणि दुसऱ्यात ७५६ हजार टन म्हणून दिसतील, आणि वाचणाऱ्याला वाटेल की आगी वाढल्या. म्हणून तुलना नेहमी मिथेनच्या टनांत करावी.

उपग्रहाच्या ठिपक्यांवर किती विसंबावे

नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर आगींचे ठिपके कोणालाही विनामूल्य पाहता येतात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नकाशावर ते पाहून गावाचा अंदाज बांधण्याचा मोह होतो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हीआयआयआरएस या संवेदकाचा एक चौकोन ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांचा असतो, आणि तो वरून जातो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. संध्याकाळी वारा पडल्यावर एकरभर वावराला लावलेली आग तासाभरात संपते आणि त्याच्या दृष्टीस पडतच नाही. उलट मार्च ते मे या काळात सातपुड्यातील वणवे, उसाचे पाचट आणि कपाशीच्या काड्यांचे ढीग यांचेही ठिपके तेवढेच लाल दिसतात. ठिपका मक्याचा आहे हे त्यातून कळत नाही. गावात कोणत्या आठवड्यात फिरायचे हे ठरवण्यासाठी ठिपके चांगले आहेत, जळालेले क्षेत्र मोजण्यासाठी ते पुरत नाहीत. त्यापेक्षा सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटर सूक्ष्मतेची चित्रे उपयोगी पडतात, कारण जळालेल्या वावराचा डाग त्यांत काही दिवस दिसतो. मात्र काळ्या जमिनीत ताजी नांगरट आणि राख यांत गल्लत होते, तेव्हा पायी पाहणीला पर्याय नाही.

न जाळता जे करतो, त्याचाही हिशेब

ताटे जाळली नाहीत म्हणजे उत्सर्जन शून्य झाले, असे वहीत लिहू नये. पर्याय कोणता निवडला यावर पुष्कळ अवलंबून असते.

मल्चर, श्रेडर किंवा रोटाव्हेटरने ताटे बारीक करून जमिनीत मिसळली, तर निचऱ्याच्या जमिनीत ती हवेच्या संपर्कात कुजतात आणि मिथेन जवळपास निघत नाही. ट्रॅक्टरचे डिझेल मात्र जळते. १ लिटर डिझेलमधून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एकराला ५ लिटर लागले असे समजले, तरी १३ ते १४ किलो होतात. त्याच एकरावरची ताटे जाळली असती, तर वरच्या हिशेबाने १.५ टन पदार्थ जळून सुमारे ४ किलो मिथेन आणि ०.१ किलो नायट्रस ऑक्साइड, म्हणजे १४० किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम झाला असता. अवशेष जमिनीत कुजतानाही थोडा नायट्रस ऑक्साइड निघतो आणि देशाच्या तक्त्यात तो मृदेच्या रकान्यात धरला जातो. तरीही फरक मोठा उरतो, आणि ताटांतले जे नत्र आगीत उडून जाते ते मातीत राहते.

कंपोस्टच्या बाबतीत सावध राहावे, कारण इथे चांगल्या हेतूने चूक होते. जैविक कचऱ्याच्या कंपोस्टसाठी आयपीसीने दर किलो कोरड्या पदार्थामागे १० ग्रॅम मिथेन धरला आहे, आणि त्याची व्याप्ती ०.०८ पासून २० ग्रॅमपर्यंत दिली आहे. जाळण्याचा गुणांक २.७ आहे, हे आठवावे. खड्ड्यात ताटे दाबून, वरून पाणी सोडून, मातीने लिंपून ठेवले, की आत हवा राहत नाही आणि आपण जाळण्यापेक्षा जास्त मिथेन तयार करू शकतो. ढीग जमिनीवर रचावा, ताटांची आधी कुट्टी करावी, शेणाचा काला आणि थोडा युरिया शिंपडून ओल मुठीत दाबल्यावर एखादाच थेंब यावा एवढीच ठेवावी, आणि दर पंधरा-वीस दिवसांनी ढीग उलटावा. उलटताना आंबट, सडका वास आला, तर आत हवा कमी पडते आहे असे समजावे आणि कोरडी कुट्टी मिसळावी.

कुट्टी करून गुरांना घातलेल्या ताटांचा मिथेन जनावरांच्या संख्येवरून वेगळा मोजला जातो. तो इथे मिळवला, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाईल. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात मक्याची ताटे बागेत आच्छादन म्हणून पसरता येतात. पातळ थरात ती हवेतच कुजतात आणि उन्हाळ्यात ओलही धरून ठेवतात. ताटे नेण्याच्या वाहतुकीचे डिझेल तेवढे वहीत लिहावे.

नोंदवहीत प्रत्येक वावरासाठी गट क्रमांकाऐवजी दिलेला पाहणी क्रमांक, हंगाम, क्षेत्र आर मध्ये, कणसे मोडल्याची तारीख, तिन्ही भेटींच्या तारखा, अवशेषांची विल्हेवाट कोणत्या प्रकारे आणि किती भागात झाली, ढीग की पूर्ण वावर, आणि ताटे ओली होती की कोरडी, एवढे रकाने असावेत. शेवटचा रकाना आज कोणत्याही सूत्रात बसत नाही. तरी तो भरावा, कारण धुमसणाऱ्या आणि भडकणाऱ्या आगीसाठी वेगळे गुणांक वापरायचे ठरले, तर जुन्या वर्षांचा हिशेब नव्याने मांडता येईल. खरिपाची पाहणी ऑक्टोबरच्या मध्यापासून आणि रब्बीची मार्चच्या अखेरीपासून सुरू करावी, आणि दुसऱ्या वर्षी त्याच ३० वावरांना पुन्हा भेट द्यावी. पिकाची फेरपालट होऊन त्यांपैकी काहींत मका नसेल, तिथे नव्या चिठ्ठ्या टाकून तेवढीच वावरे बदलून घ्यावीत.